उशिराची किंमत कुणी मोजायची?

बिटकॉइन मायनिंगचं नवं यंत्र येतंय, आत्ता पूर्ण पैसे भरले तर पहिल्या बॅचमध्ये नंबर लागेल, अशी जाहिरात पाहिली की बहुतेक जण आधी एकच गोष्ट विचारतात: कंपनी खरी आहे की बोगस? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. २०१२ पासून या धंद्यात ज्यांचे पैसे गेले, त्यातल्या अनेकांनी तो विचारला होता, त्याचं समाधानकारक उत्तरही मिळवलं होतं, आणि तरी ते बुडाले. कंपनी प्रामाणिक असली, तिचे इंजिनिअर हुशार असले, तिने यंत्र खरोखर बनवून घरपोच पाठवलं, तरी प्री-ऑर्डर करणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं. या यंत्राचं मोल ते कुठल्या तारखेला सुरू होतं यावर ठरतं. ती तारीख चुकली तर तोटा कुणाचा, हे करारात लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं नसलं की तोटा ग्राहकाचा. जोवर हे लिहून मिळत नाही, तोवर नवख्या कंपनीला मायनिंग यंत्रासाठी आगाऊ पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत कशावर उभं आहे, ते आकड्यांशिवाय सांगता येणार नाही.

बिटकॉइनच्या जाळ्यात, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांत, सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, तयार होतो आणि ठरावीक गणित करून तो आधी शोधणाऱ्याला ठरलेलं बक्षीस मिळतं. हे गणित करणं म्हणजेच मायनिंग. २८ नोव्हेंबर २०१२ ला हे बक्षीस ५० वरून २५ बिटकॉइनवर आलं. म्हणजे २०१३ मध्ये सगळ्या जगातल्या मायनरांना मिळून दिवसाला साधारण ३,६०० बिटकॉइन मिळायचे. यंत्रं दुप्पट झाली म्हणून ३,६०० चे ७,२०० होत नाहीत. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक शोधणं किती अवघड याचं माप, आपोआप नव्याने ठरते आणि प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात आक्रसतो. माझं यंत्र तेच, वीज तेवढीच, वेगही तोच. पण शेजाऱ्याने नवं यंत्र लावलं की माझी कमाई घटली.

२०१२ पर्यंत हे काम ग्राफिक्स कार्डांवर आणि एफपीजीए नावाच्या चिपांवर चालायचं. मग या एकाच गणितासाठी घडवलेल्या चिप आल्या, ज्यांना ॲसिक म्हणतात, आणि जाळ्याचा वेग इतका वाढला की आधीचे सगळे हिशेब निरुपयोगी ठरले. जानेवारी २०१३ मध्ये डिफिकल्टी ३० लाखांच्या आसपास होती. जानेवारी २०१४ च्या सुरुवातीला ती १४१ कोटींच्या वर गेली. ६० गिगाहॅश वेगाच्या, म्हणजे सेकंदाला ६० अब्ज प्रयत्न करणाऱ्या, यंत्राने या दोन टोकांना काय कमावलं असतं ते काढून बघा. पहिल्या टोकाला दिवसाला सुमारे १० बिटकॉइन, दुसऱ्या टोकाला दिवसाला ०.०२.

याहून बोलका हिशेब मधल्या महिन्यांचा आहे. तेच ६० गिगाहॅशचं यंत्र १ जुलै २०१३ ला सुरू झालं असतं, तर त्या वर्षीच्या प्रत्यक्ष डिफिकल्टीनुसार ३१ डिसेंबरपर्यंत त्याने सुमारे ७२ बिटकॉइन कमावले असते, आणि त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या जुलैत. तेच यंत्र १ ऑक्टोबरला सुरू झालं असतं तर वर्षअखेरपर्यंतची कमाई सुमारे ७. तीन महिन्यांच्या उशिराने दहातले नऊ हिस्से गेले. हार्डवेअरच्या धंद्यात तीन महिन्यांचा उशीर ही फार मामुली गोष्ट आहे. चिपचं डिझाइन कारखान्याकडे गेल्यावर वेफर, म्हणजे चिप कोरलेल्या चकत्या, हातात यायलाच काही महिने लागतात. पॅकेजिंग, बोर्ड, पॉवर सप्लाय, पंखे यांतलं एक जरी अडकलं तरी तारीख सरकते. यात लबाडी असावीच लागत नाही. चांगल्या हेतूने केलेलं काम तीन महिने उशिरा झालं, एवढं पुरेसं आहे.

आता बटरफ्लाय लॅब्जचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या या कंपनीने जून २०१२ मध्ये ॲसिक यंत्रांसाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. सगळ्यात लहान 'हालापेन्यो' १४९ डॉलरला, मधलं 'सिंगल' १,२९९ डॉलरला, आणि मोठं 'मिनी रिग' ३० हजार डॉलरच्या घरात. यंत्रं त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मिळतील असं सांगितलं होतं. पहिली यंत्रं प्रत्यक्षात एप्रिल २०१३ मध्ये बाहेर पडली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, पुढे न्यायालयात सांगितल्याप्रमाणे सप्टेंबर २०१३ मध्येही २० हजारांहून जास्त ग्राहक पैसे भरून रिकाम्या हाताने बसले होते.

लोकांनी विश्वास का ठेवला, हे समजून घ्यायला हवं, कारण ते लोक भोळे नव्हते. या कंपनीने आधी एफपीजीएची यंत्रं बनवून विकली होती आणि ती लोकांच्या हाती पोचलीही होती. म्हणजे पूर्णपणे अनोळखी अशी ही कंपनी नव्हती. पण एफपीजीएच्या यंत्रात चिप दुसऱ्याची, बाजारात तयार मिळणारी असते; बोर्ड तेवढा आपण बनवायचा. स्वतःची चिप घडवणं हे वेगळंच काम आहे, आणि त्या कामात ही कंपनी नवखी होती. शिवाय त्या जुन्या यंत्राने सुरुवातीच्या जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेग कमी दिला होता आणि वीज कितीतरी जास्त खाल्ली होती. नव्या चिपचंही तेच झालं. ती अपेक्षेच्या कित्येक पट वीज ओढू लागली, त्यामुळे पेट्या, पंखे, वीजपुरवठा सगळं नव्याने करावं लागलं आणि महिनोन्महिने गेले. आधीचा माल नीट वाचला असता तर पुढच्या मालाचं भविष्य त्यात दिसत होतं.

ऑगस्ट २०१३ मध्ये, जुन्या ऑर्डरी थकलेल्या असताना, याच कंपनीने 'मोनार्क' नावाच्या ६०० गिगाहॅशच्या यंत्रासाठी ४,६८० डॉलर आगाऊ घ्यायला सुरुवात केली. हीच ती खूण, जी दिसल्याबरोबर मागे फिरायला हवं. आधीच्या ग्राहकांचा माल बाकी असताना नव्या मालाचे पैसे गोळा होऊ लागले, की तुमच्या पैशांनी कुणाचा माल बनतोय हे कुणीच सांगू शकत नाही. ग्राहकांची यंत्रं पाठवण्याआधी कंपनी त्यांवर स्वतःसाठी मायनिंग करते, असाही एफटीसीचा आरोप होता. आरोपच तो, पण असं करण्याचा मोह अशा प्रत्येक कारखान्यात असणार, हे कुणालाही कळेल. यंत्र सगळ्यात जास्त कमावतं ते पहिल्या आठवड्यांत, आणि पहिले आठवडे ते विकणाऱ्याच्याच गोदामात असतं.

इथे एक बचाव नेहमी ऐकू येतो. "उशीर झाला, तरी डॉलरमध्ये बघितलं तर फायदाच झाला ना?" जून २०१२ मध्ये बिटकॉइनचा भाव साडेसहा डॉलरच्या आसपास होता, डिसेंबर २०१३ च्या शेवटी साडेसातशेच्या आसपास. तेव्हा १,२९९ डॉलर भरून ऑक्टोबरमध्ये यंत्र मिळालेल्या माणसाने ७ बिटकॉइन कमावून ठेवले असतील, तर त्याच्याकडे पाच हजारांहून जास्त डॉलर दिसतात. पण जून २०१२ मध्ये त्याच १,२९९ डॉलरचे सुमारे २०० बिटकॉइन येत होते. यंत्राने २०० चे ७ केले. वर दिसणारा फायदा बिटकॉइनच्या भाववाढीचा आहे, यंत्राने फक्त त्यातला मोठा भाग खाल्ला. भाव वाढेल असं वाटत असेल तर थेट बिटकॉइन घेता येतो. भाव वाढणार नाही असं वाटत असेल तर यंत्र घेण्यात अर्थच नाही. म्हणून मायनिंग यंत्राचा हिशेब नेहमी नाण्यात करावा: आज एवढी नाणी देतोय, यंत्र आयुष्यभरात त्याहून जास्त नाणी परत देईल का? हा एक प्रश्न विचारला तर निम्म्याहून जास्त प्री-ऑर्डरी जागच्या जागी रद्द होतील.

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात भक्कम दाखला अव्हेलॉनचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. २०१२ च्या शरदातच चिनी तरुणांच्या एका छोट्या गटाने ॲसिकच्या पहिल्या बॅचचे पैसे घेतले. ३०० यंत्रं, प्रत्येकी १,२९९ डॉलर. त्यांच्यामागे मोठी कंपनी नव्हती, बटरफ्लायसारखं ऑफिस नव्हतं. त्यांनी यंत्रं पाठवली. बिटकॉइनचे विकासक जेफ गार्झिक यांना जानेवारी २०१३ च्या अखेरीस पहिलं यंत्र मिळालं. तेव्हाच्या डिफिकल्टीला ६० गिगाहॅशच्या त्या यंत्राने दोन आठवड्यांच्या आत किंमत वसूल केली असेल, आणि पुढची कित्येक आठवड्यांची कमाई निव्वळ नफा. ज्यांनी नवख्यांवर विश्वास ठेवला, त्यांचं सोनं झालं. मग नवख्यांना पैसे देऊ नका, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

अव्हेलॉनने जे केलं त्यातून शिकण्यासारखं आहे, पण लोक शिकले ते भलतंच. या गटाने ११० नॅनोमीटरची (हा आकडा जितका लहान, तितकं चिपचं तंत्र नवं), तेव्हाच्या मानानेही जुनी आणि स्वस्त पद्धत निवडली. वेगाचं आश्वासन माफक ठेवलं. यंत्रं मोजकी ठेवली. ती सगळी चालू होऊनही जाळ्याच्या वेगात पडणारी भर हिशेबात धरता येण्याजोगी होती. शिवाय ते पहिले होते. यातली एकही गोष्ट नंतर आलेल्यांकडे नव्हती. त्यांनी २८ नॅनोमीटरची चिप जाहीर केली, हजारो ऑर्डरी घेतल्या, आणि सगळ्यांनी एकाच सुमाराची तारीख दिली. प्री-ऑर्डर करणारा आजच्या डिफिकल्टीवर कमाई मोजतो. पण त्याच्या पुढेमागे रांगेत उभे असलेले हजारो जण तेच यंत्र त्याच आठवड्यात लावणार आहेत. कंपनीचं ऑर्डरबुक म्हणजेच उद्याची डिफिकल्टी. ते ऑर्डरबुक फक्त कंपनीला दिसतं. ग्राहकाला दिसतो तो जाहिरातीतला कॅल्क्युलेटर.

स्वीडनच्या केएनसीमायनरचं उदाहरण मला यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण या कंपनीने शब्द पाळला. स्टॉकहोमच्या या कंपनीसोबत चिप डिझाइनचा अनुभव असलेली स्थानिक संस्था होती. 'ज्युपिटर' यंत्राची किंमत उन्हाळ्यात सुमारे ७ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ७० बिटकॉइन. आश्वासन ४०० गिगाहॅशचं होतं, प्रत्यक्षात वेग ५५० च्या आसपास मिळाला, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये यंत्रं बाहेर पडली. याहून चांगला विक्रेता त्या वर्षी मिळणं कठीण होतं. आता नाण्यात हिशेब करा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेल्या ५५० गिगाहॅशच्या यंत्राने वर्षअखेरपर्यंत सुमारे ५५ बिटकॉइन कमावले असते, आणि पुढच्या सहा महिन्यांत आणखी डझनभर. विजेचा खर्च न धरता कसेबसे ७० च्या जवळ. वचन वेळेत आणि वाढीव पाळलं गेलं, तरी ग्राहक जेमतेम मुद्दलाला पोचला. सगळं मनासारखं घडल्यावर हाती लागणार ते एवढं, आणि उशीर झाला तर जाणार जवळजवळ सगळं. असा सौदा का करायचा? पुढे केएनसी स्वतःच मोठ्या प्रमाणावर मायनिंग करू लागली आणि मे २०१६ मध्ये, बक्षीस निम्मं होण्याच्या तोंडावर, तिने दिवाळखोरी जाहीर केली.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. टेक्सासच्या कॉइनटेराने डिसेंबर २०१३ साठी २ टेराहॅशचं, म्हणजे २,००० गिगाहॅशचं, यंत्र विकलं. ते जानेवारीच्या अखेरीपासून मिळू लागलं, वेग कमी आणि वीज जास्त. जानेवारी २०१५ मध्ये तीही दिवाळखोरीत गेली. कॅलिफोर्नियाच्या हॅशफास्टने ऑगस्ट २०१३ मध्ये 'बेबी जेट'चे सुमारे ५,६०० डॉलर घेतले आणि ऑक्टोबरच्या अखेरचा वायदा केला. बऱ्याच जणांनी ही रक्कम बिटकॉइनमध्ये भरली होती, ५० च्या आसपास. वायदा मोडल्यावर परतावा देऊ केला तो मूळ डॉलरच्या किमतीत, आणि तोवर त्याच ५० बिटकॉइनची किंमत चाळीस हजार डॉलरच्या आसपास गेली होती. ग्राहकांनी दावे लावले. मे २०१४ मध्ये धनको दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायालयात गेले. रिफंड मिळेल एवढं वाक्य वाचून निश्चिंत होणाऱ्यांनी रिफंड कशात मिळेल हेही वाचायला हवं.

आता जो प्रश्न सगळ्यात आधी मनात यायला हवा, तो. यंत्र खरोखरच दोन आठवड्यांत किंमत वसूल करणार असेल, तर कंपनी ते विकते का? स्वतः का चालवत नाही? याचं उत्तर दरवेळी लबाडीकडे जात नाही. कंपनीकडे चिप घडवायला लागणारे लाखो डॉलर नसतात. बँक देत नाही, गुंतवणूकदार हिस्सा मागतो. ग्राहक मात्र हिस्सा न मागता, व्याज न मागता, तारण न मागता पूर्ण रक्कम आधी देतो. चिप फसली तर त्याचे पैसे गेले, उशीर झाला तर त्याचा नफा गेला, भाव पडला तर त्याचं नुकसान. कंपनी यशस्वी झाली तर मात्र त्याला मिळतं एक यंत्र, आणि कंपनीची वाढलेली किंमत मालकांना. जोखीम भांडवलदाराची आणि हक्क गिऱ्हाइकाचे, अशी ही विचित्र जागा आहे. त्याच काळातल्या असिकमायनरने निदान वेगळा रस्ता घेतला होता. या चिनी गटाने ऑगस्ट २०१२ मध्ये ०.१ बिटकॉइनला एक असे शेअर विकले, चिप बनवली, फेब्रुवारी २०१३ पासून स्वतः मायनिंग सुरू केलं आणि भागधारकांना लाभांश वाटला. त्याचाही शेवट वाईट झाला. म्होरक्या नाहीसा झाला आणि शेअर मातीमोल झाले. पण ज्यांनी जोखीम घेतली त्यांना चांगल्या दिवसांत त्या जोखमीचा वाटा तरी मिळाला.

आगाऊ पैशांशिवाय नव्या कंपन्या उभ्याच राहणार नाहीत आणि सगळी सत्ता एकदोन बड्या उत्पादकांच्या हाती जाईल, असा एक आक्षेप आहे. तो गंभीर आहे. मायनिंगची यंत्रं एकाच कंपनीच्या मुठीत असणं बिटकॉइनसाठी वाईट आहे, हे मला मान्य आहे. २०१८ मध्ये हालाँग मायनिंग नावाच्या नव्या कंपनीने 'ड्रॅगनमिंट' यंत्रं खरोखर पाठवली, तेव्हा बिटमेनला, म्हणजे या यंत्रांच्या बड्या चिनी उत्पादकाला, स्पर्धक मिळाला याचा अनेकांना आनंद झाला, आणि तो योग्य होता. पण बाजारात स्पर्धा असावी म्हणून नांदेडच्या किंवा नाशिकच्या एखाद्या नोकरदाराने आपली बचत बिनव्याजी द्यावी, हे मला पटत नाही. ज्याला त्या ध्येयासाठी पैसे द्यायचे आहेत त्याने ते गुंतवणूक म्हणून द्यावेत, हिस्सा घेऊन द्यावेत. खरेदी समजून देऊ नयेत.

प्रामाणिक माणसांच्या हातूनही काय होतं, याचं मला सगळ्यात बोचणारं उदाहरण सियाकॉइन या दुसऱ्या एका डिजिटल नाण्याचं वाटतं. सियाच्याच विकासकांनी ओबेलिस्क नावाची कंपनी काढून २०१७ च्या मध्यात यंत्रांची प्री-ऑर्डर घेतली. माल २०१८ च्या मध्यात द्यायचा होता. ती माणसं त्या नाण्याची निर्माती होती, पळून जाणारी नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये बिटमेनने त्याच नाण्यासाठी 'अँटमायनर ए३' बाजारात आणला. ओबेलिस्कचा माल बाहेर पडण्याआधीच जाळं दुसऱ्याच्या यंत्रांनी भरून गेलं. ग्राहकांनी विक्रेत्याची पारख बरोबर केली होती. त्यांच्या विक्रेत्याशी शर्यत लावणारा दुसरा कारखाना कुठेतरी गुपचूप काम करत होता, तो त्यांना दिसू शकत नव्हता.

आजच्या बिटकॉइनच्या बाबतीत परिस्थिती काहीशी निवळली आहे, हे सांगायला हवं. जाळं आता इतकं प्रचंड आहे की तीन महिन्यांत ते दहापट होत नाही, त्यामुळे उशिराची शिक्षाही २०१३ एवढी कडक नाही. पण एप्रिल २०२४ पासून बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे आणि नफ्याची फटही तितकीच बारीक झाली आहे. आणि प्रत्येक नव्या नाण्याच्या, नव्या अल्गोरिदमच्या पहिल्या ॲसिकबरोबर २०१३ पुन्हा येतं. २०२३ मध्ये कास्पा या नाण्याचं तसंच झालं. आइसरिव्हर या तोवर फारसं कुणी न ऐकलेल्या कंपनीची यंत्रं आली, पाठोपाठ बिटमेनचा केएस३, आणि सुरुवातीचे कमाईचे आकडे बघून मागाहून रांगेत लागलेल्यांच्या हाती ते आकडे उरले नाहीत.

महाराष्ट्रातून हा सौदा करणाऱ्याला आणखी अडचणी आहेत. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोवरच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. मायनिंगच्या यंत्रणेवर केलेला खर्च खरेदीची किंमत म्हणून वजा करता येणार नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं आहे. म्हणजे यंत्रात बुडालेले पैसे करात दाखवता येत नाहीत. साडेतीन किलोवॉटचं आजचं एक यंत्र दिवसाला ८४ युनिट वीज घेतं. महावितरणच्या घरगुती बिलाचे वरचे टप्पे ज्यांना माहीत आहेत, त्यांना पुढचा गुणाकार सांगायची गरज नाही.

आणि आपल्याकडे मायनिंगच्या नावाखाली काय झालं, तेही ताजं आहे. गेनबिटकॉइन योजनेत यंत्र दाखवायचीही गरज पडली नाही; मायनिंगच्या कराराच्या नावावर महिन्याला १० टक्के, १८ महिने, एवढं आश्वासन पुरलं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे या योजनेत सुमारे ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा झाले. खटला चालू असताना २०२२ मध्ये भारद्वाजचा मृत्यू झाला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला. गुंतवणूकदार अजून वाट बघतायत. त्यात आयुष्याची पुंजी घातलेली माणसं आपल्याच गावांतली आहेत, म्हणून या विषयावर मला मोघम बोलवत नाही.

आगाऊ पैशांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक करणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं भोगला. बुकिंगच्या पैशांतून बिल्डर दुसरीकडे जमीन घ्यायचा, ताबा लांबायचा, आणि घराचा हप्ता आणि भाडं दोन्ही ग्राहक भरायचा. अखेर रेरा कायदा आला, मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, ताबा लांबला तर व्याज द्यायचं किंवा व्याजासकट पैसे परत करायचे. अंमलबजावणीबद्दल तक्रारी असतील, पण तत्त्व बरोबर आहे: उशिराची किंमत उशीर करणाऱ्यावर. आणि तिथे उशिरा मिळालेला फ्लॅट निदान राहण्याजोगा असतो. उशिरा मिळालेलं मायनिंग यंत्र खोली गरम करतं, एवढंच.

म्हणून नवख्या कंपनीशी बोलायचंच असेल तर बोलणं याच मुद्द्यांवर व्हावं. पैसे तिसऱ्याच्या ताब्यात, एस्क्रोत राहतील का? माल निघाल्याचा पुरावा मिळाल्यावरच ते सुटतील का? ठरलेली तारीख उलटल्यावर दर आठवड्याला किंमत किती कमी होईल? रिफंड ज्या नाण्यात पैसे दिले त्याच नाण्यात मिळेल का? या बॅचमध्ये एकूण किती यंत्रं आहेत, आणि कंपनी स्वतः किती चालवणार आहे? चालती चिप कुणा त्रयस्थाने मोजली आहे का? जी कंपनी यावर लेखी उत्तर देईल, तिचा विचार करावा. माझा अंदाज असा की बहुतेक कंपन्या पहिल्याच प्रश्नाला गप्प होतील. त्यांना पैसे हवेत तेच मुळी चिप घडवायला, मग ते एस्क्रोत अडकवून कसं चालेल? तिथे त्यांची खरी गरज उघडी पडते: त्यांना ग्राहक नको आहे, बिनव्याजी कर्ज हवंय. इतकी माहिती मिळाली की नाही म्हणणं सोपं जातं.

कायद्याकडून आज काय मिळतं? ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, सांगितलेल्या तारखेनंतर आलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण हे विक्रेते बहुधा परदेशात असतात. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच अपवाद. मायनिंग यंत्र कमावण्यासाठीच घेतलं जातं, त्यामुळे ग्राहक आयोगाच्या दारातच वाद सुरू होणार. अमेरिकेत तर एफटीसीसारखी ताकदीची यंत्रणा आहे, ऑर्डर उशिरा जाणार असेल तर ग्राहकाची संमती घ्या नाहीतर पैसे परत करा असा जुना नियम आहे. तरी बटरफ्लायवर कारवाई सप्टेंबर २०१४ मध्ये झाली, पहिल्या ऑर्डरीनंतर दोन वर्षांनी. फेब्रुवारी २०१६ च्या तडजोडीत कंपनी आणि तिच्या एका प्रमुखावर ३ कोटी ८६ लाख डॉलरचा निवाडा झाला आणि तो स्थगित ठेवला गेला. प्रत्यक्ष भरायची रक्कम कंपनीला १५ हजार डॉलर आणि प्रमुखाला ४ हजार, कारण त्याहून जास्त देण्याची त्यांची ऐपत नव्हती.

पैसे खर्च झाल्यावर आलेला निवाडा इतकाच कामाचा असतो, म्हणून नियम पैसे घेण्याच्या क्षणाला लागू व्हायला हवा. न घडलेल्या यंत्रासाठी भारतातल्या व्यक्तीकडून पूर्ण किंमत आगाऊ घेणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला, आणि त्याच्या इथल्या एजंटला, ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणं सक्तीचं करावं. एकदोन यंत्रं घेणाऱ्या माणसाला कमाईचा हेतू असूनही ग्राहक मानावं. एजंटचा उल्लेख मी मुद्दाम करतोय. परदेशातल्या कंपनीवर आपला हात पोचणार नाही, पण पुण्यात किंवा ठाण्यात बसून तिच्या नावाने बुकिंग घेणाऱ्यावर आजही पोचतो.